जेम्स केअर्डच्या वाटेने: १९१६ च्या सामानानिशी दक्षिण समुद्र ओलांडायचा असेल तर

२४ एप्रिल १९१६. अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावरून सहा माणसं साडेबावीस फुटांच्या ‘जेम्स केअर्ड’ या होडीत बसून निघाली: मोहिमेचा नेता अर्नेस्ट शॅकलटन, जहाजाचा कप्तान फ्रँक वर्स्ली, टॉम क्रीन, सुतार हॅरी मॅकनिश, जॉन व्हिन्सेंट आणि टिमथी मॅकार्थी. त्यांचं जहाज एन्ड्युरन्स वेडेल समुद्राच्या बर्फात चिरडून आदल्या नोव्हेंबरात बुडालं होतं. मागे बेटावर बावीसजण वाट पाहत होते. सुमारे ८०० सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १,४८० किलोमीटर अंतर सोळा दिवसांत कापून ते १० मेला साउथ जॉर्जियाच्या किंग हाकोन उपसागरात पोहोचले. मग त्यातल्या तिघांनी नकाशात नसलेले डोंगर आणि हिमनद्या ३६ तासांत ओलांडून स्ट्रॉमनेसचं व्हेलिंग स्टेशन, म्हणजे देवमाशांच्या शिकाऱ्यांचं ठाणं, गाठलं.

हा प्रवास त्याच पद्धतीच्या होडीतून पुन्हा करायचे प्रयत्न झाले आहेत. १९९७ मध्ये आयरिश पथकाची ‘टॉम क्रीन’ ही होडी एका वादळात तीनदा उलटली. माणसं सोबतच्या जहाजावर चढली आणि होडी सोडून द्यावी लागली. २००० साली जर्मनीच्या आर्वेड फुक्स यांनी आपल्या होडीतून साउथ जॉर्जिया गाठलं. २०१३ मध्ये टिम जार्विस यांच्या सहाजणांनी होडीच नव्हे तर कपडे, अन्न आणि दिशादर्शनही त्या काळचंच वापरलं आणि बारा दिवसांत समुद्र पार केला. पण ओल्या थंडीने पथकातल्या अनेकांचे पाय इतके खराब झाले की डोंगराचा टप्पा सगळ्यांना जमला नाही.

या प्रवासाचा विचार मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातले लहान लहान भाग कोकणच्या किनाऱ्यावर आणि सह्याद्रीच्या पावसात करून पाहिले आहेत. अशी मोहीम आखणारे बहुतेकजण होडी आणि कपड्यांवर महिनोन्महिने घालवतात, आणि या सहाजणांना ज्याने तारलं ते मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. ते म्हणजे दर चार तासांनी पोटात जाणारं गरम अन्न आणि त्याभोवती बांधलेला दिनक्रम. म्हणून या लेखात स्टोव्हला होडीपेक्षा जास्त जागा दिली आहे.

आधी रेघ आखा

काय जुनं वापरायचं आणि काय नवीन, हे निघण्याच्या वर्षभर आधी कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. माझी वाटणी अशी: जे अंगावर, पोटात आणि हातात ते १९१६ चं, जे जीव वाचवण्यासाठी ते आजचं. उपग्रहावर संदेश धाडणारं आपत्कालीन बीकन, पाण्यात तग धरू देणारे सूट, रेडिओ आणि औषधं एका सीलबंद पेटीत ठेवायची. पेटी फुटली की जुन्या पद्धतीचा प्रवास तिथे संपला, हे सगळ्यांनी आधीच मान्य करायचं. मागे काही मैलांवर सोबतचं जहाज हवंच. त्याच्या कप्तानाला कोणत्या परिस्थितीत जवळ यायचं ते लेखी द्या: अमुक तास संपर्क नाही, अमुक जण वल्हं धरू शकत नाहीत, होडीत अमुक उंचीपर्यंत पाणी. वादळात हे ठरवायला बसलात तर प्रत्येकाला आपण अजून ठीक आहोत असंच वाटतं.

ऋतूबद्दलही स्वतःशी प्रामाणिक राहा. ते सहाजण तिथल्या उतरत्या शरदात निघाले, कारण त्यांना इलाज नव्हता. जार्विस यांचं पथक जानेवारीच्या अखेरीस निघालं. तुम्हीही जानेवारी-फेब्रुवारीच निवडा. दिवस मोठा असतो, सूर्य दिसण्याची शक्यता वाढते, आणि मदतीचं जहाज त्या भागात टिकू शकतं. मोहिमेच्या अहवालात हा फरक पहिल्याच पानावर लिहा.

परवानग्या

एलिफंट बेट ६० अंश दक्षिणेच्या खाली येतं, म्हणून तिथे अंटार्क्टिक कराराचे नियम लागू होतात. भारतातून मोहीम काढणार असाल तर भारतीय अंटार्क्टिक कायदा, २०२२ नुसार परवाना लागतो. साउथ जॉर्जियाचं सरकार वेगळं आहे आणि तिथे मोहिमेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नौकानयन, गिर्यारोहण, वैद्यकीय सोय आणि सुटकेची योजना हे सगळं त्यात मांडावं लागतं. या कामाला वर्ष धरून चाला.

साउथ जॉर्जियावरचे उंदीर संपवायला अनेक वर्षं लागली, आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. त्यामुळे तुमच्या लोकरीत अडकलेलं गवताचं एक बीसुद्धा तिथे गुन्ह्यासारखं आहे. जुन्या पद्धतीचं सामान या बाबतीत सगळ्यात त्रासदायक ठरतं. लोकर, कॅनव्हास, चामडं, दोरखंड या सगळ्यांत माती आणि बिया बसतात. प्रत्येक शिवण ब्रशने साफ करा, खिसे उलटे करून पाहा, बुटांचे तळ भिंगाखाली तपासा. शॅकलटनच्या माणसांनी सील, पेंग्विन आणि साउथ जॉर्जियावर उतरल्यावर अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची पिल्लं खाल्ली. आज त्यातलं काहीही करता येणार नाही, म्हणून तेवढ्या उष्मांकांचं अन्न सोबत धरा. एलिफंट बेटावरचे दगडही उचलू नका, होडीच्या तळाशी ठेवायचं वजन घरूनच भरून न्या.

होडी

जेम्स केअर्ड आजही लंडनच्या डलिच कॉलेजात ठेवलेली आहे. लांबी साडेबावीस फूट, रुंदी सहा फूट, दोन्ही टोकं निमुळती. वर्स्लीने सांगितल्याप्रमाणे फळ्या बाल्टिक पाइनच्या, कणा आणि फासळ्या अमेरिकन एल्मच्या, पुढचा आणि मागचा खांब इंग्लिश ओकचा. नक्कल करणार असाल तर मूळ होडी बघून या, चित्रांवर विसंबू नका.

खरी गंमत मॅकनिशच्या कामात आहे. त्याने कडा उंच केल्या, आणि बेटावर खोक्यांची झाकणं आणि घसरगाडीच्या पट्ट्या वापरून वर सांगाडा उभारला. त्यावर ताणायचं कॅनव्हास गोठून फळीसारखं कडक झालं होतं. ते चरबीच्या चुलीवर थोडं थोडं वितळवत पथकातल्या चीथम आणि मॅकार्थीने शिवलं. फटींत दिव्याच्या वाती, चित्रकार मार्स्टनचे तैलरंग आणि सीलचं रक्त भरलं. होडीचा कणा लाटेवर मोडू नये म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी आत तळाशी लांबीभर बांधली. हे सगळं तुम्हीही करा, रक्त सोडून. वातींवर जवसाच्या तेलातला घट्ट रंग चांगला बसतो. कोकणात लाकडी होड्यांच्या फटी भरणारे जुने सुतार अजून आहेत. त्यांच्याकडे आठवडाभर बसून हात चालवायला शिका, कारण समुद्रात फट उघडली तर ती तुम्हालाच भरायची आहे.

होडी स्थिर राहावी म्हणून तळाशी ठेवायचं वजन, ज्याला आपले खलाशी नीरम म्हणतात, ते सुमारे टनभर होतं. ब्लँकेटांच्या पिशव्या शिवून त्यांत वाळू-खडे भरले होते, वर मोठे दगड. वर्स्लीला हे जास्त वाटत होतं. फार जड होडी लाटेवर हिसके देते आणि सतत भिजते. शॅकलटनला उलटण्याची भीती होती. १९९७ ची हकीकत पाहता मी शॅकलटनच्या बाजूने आहे. पण दगड घट्ट बांधा. झोपायला जाताना त्याच दगडांवरून गुडघ्यांवर सरपटत जावं लागतं आणि ते लाटेबरोबर सरकले तर हाड मोडतं. किनाऱ्यालगत होडी मुद्दाम उलटवून सरळ करण्याचा सराव किमान दहा वेळा व्हायला हवा, पूर्ण वजनासह.

पाणी उपसण्याचा पंप मोहिमेचा छायाचित्रकार हर्लीने जहाजाच्या होकायंत्राच्या नळीपासून बनवला होता. त्याची नळी तळाशी उघड्या हाताने धरून बसावं लागे. पंप बनवा, पण दोन बादल्याही ठेवा.

अंगावरचं

आत लोकरीचे जाड कपडे, त्यावर लोकरीचा जर्सी, सगळ्यात वर दाट विणीच्या सुती गॅबार्डिनचा सदरा आणि विजार. हे कापड वारा अडवतं, पाणी अडवत नाही. हे नीट समजून घ्या: कोरडं राहणं हा पर्याय तुमच्यासमोर नाही, ओलं असताना ऊब टिकवणं एवढंच हातात आहे.

माझ्या एका जुलैमधल्या चाचणीत मी असाच पोशाख घालून सलग दोन रात्री पावसात बसलो. लोकर भिजून जड झाली, तरी छाती-पाठ ऊबदार राहिली. त्रास झाला तो मांड्यांच्या आतल्या बाजूला. ओल्या कापडाने कातडी सोलवटली, आणि तीही गोड्या पाण्यात. खाऱ्या पाण्यात सोळा दिवस काय होतं ते त्या सहाजणांनी सोसलं: सोललेली कातडी, मिठाने झालेले फोड. शिवणी बाहेरच्या बाजूला घ्या, लोकरीच्या चरबीचं मलम आधीपासून लावा, आणि कपडे नवे कोरे नेऊ नका. महिनाभर वापरून मऊ करा.

पायांचं मात्र नियमाने करा. पाय दिवसेंदिवस ओले, थंड आणि आवळलेले राहिले की बर्फ न लागताही नसा आणि पेशी मरायला लागतात. यालाच ट्रेंच फूट म्हणतात. आधी बधिरपणा, मग सूज, मग गरम होताना असह्य आग. बूट एक माप मोठे घ्या, मोजे दोन जोड्यांपेक्षा जास्त घट्ट कोंबू नका. पहारा संपला की बूट काढायचे, सोबत्याने तळवे तपासायचे आणि चोळायचे, कोरडा जोड पोटाशी धरून उबवायचा. जोडीदाराचे पाय बघणं ही त्याची नाही, तुमची जबाबदारी आहे असं ठरवलं तरच हे काम रोज होतं.

रेनडिअरच्या कातड्याच्या झोपण्याच्या पिशव्यांचे केस झडून पाण्यात, अन्नात, पंपात जात. शेवटी दोन पिशव्या समुद्रात टाकाव्या लागल्या. बेटावर परके जीव येऊ न देण्याच्या नियमांमुळे कातडं नेणं अवघडच आहे. सहाजणांत तीन जाड लोकरी पिशव्या पुरतात, कारण एका वेळी तिघेच झोपतात.

स्टोव्ह, म्हणजे या मोहिमेचं काळीज

सामानाच्या यादीत होतं: दोन प्रायमस स्टोव्ह, सुटे भाग आणि पिना, साडेसहा गॅलन म्हणजे सुमारे २९ लिटर रॉकेल, स्पिरिटचा एक डबा, नॅन्सन पद्धतीचं अॅल्युमिनियमचं भांडं, तीस काड्यापेट्या. ज्यांच्या घरी पितळी स्टोव्ह होता त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. स्पिरिटात भिजवलेला काकडा, बर्नर तापेपर्यंत धीर, मग पंप, आणि भडका उडाला की चावी सैल करून पुन्हा सुरुवात. आई-आजीला हे डोळे मिटून जमायचं. आजच्या गिर्यारोहकाला ते शिकावं लागतं, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या माणसांकडूनच शिका.

होडीत स्वयंपाक क्रीन करायचा. कॅनव्हासखाली सरळ बसायलाही उंची नव्हती. दोघे समोरासमोर, पाठी होडीच्या बाजूंना टेकवून, पायांच्या मध्ये स्टोव्ह दाबून धरायचे; एकाने भांडं पकडायचं आणि मोठी लाट आली की उचलायचं. मालवणजवळ एका मित्राच्या होडीत आम्ही असं दूध तापवून पाहिलं. तीनदा सांडलं, चौथ्यांदा जमलं, आणि रॉकेलच्या वासाने दोघांना ओकारी झाली. तो समुद्र डिसेंबरातला, शांत होता.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी अंधारात, बोटमोज्यांसह, पिन मारून बर्नर साफ करणं. मग हलत्या फळीवर. मग होडीत. तुमच्या पथकातल्या सहाही जणांना दहा मिनिटांत पेटवता आलं पाहिजे, कारण तुमचा ‘क्रीन’ आजारी पडू शकतो. कॅनव्हासची एक बाजू उघडी ठेवल्याशिवाय पेटवू नका. बंद जागेतल्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि थकलेला माणूस झोपेतच जातो. सीलबंद पेटीबाहेर ठेवण्यासारखी एकच आधुनिक वस्तू मी सुचवेन: या वायूचा इशारा देणारं छोटं यंत्र.

अन्न साधं होतं. गोमांसाचं सत्त्व, चरबी, ओट, साखर आणि मीठ यांच्या अर्ध्या पौंडाच्या वड्या पाण्यात उकळून केलेलं दाट सूप, ज्याला ते हूश म्हणत. सोबत बिस्किटं, दाण्यांची वडी, साखरेचे खडे, दुधाची भुकटी. गोमांस चालत नसेल तर ओट, तूप, डाळीचं पीठ आणि साखर यांची वडी करा. ती त्या काळची नाही हे नोंदवा, पण पोषण जुळवता येतं. चरबीचं प्रमाण मात्र कमी करू नका. घरी जे घशाखाली उतरत नाही ते थंडीत माणूस मागून खातो, आणि जाण्याआधी पोटाला त्याची सवय दोन महिने लावावी लागते.

आता वेळापत्रक. दिवसा साधारण दर चार तासांनी गरम जेवण, रात्री पहारा बदलताना गरम दूध. वादळ असो, पाणी उपसणं चालू असो, हे चुकायचं नाही. एखाद्याला जास्त हुडहुडी भरलेली दिसली की शॅकलटन सगळ्यांसाठीच गरम दूध करायला सांगे. त्या एकाला आपल्यामुळे झालं हे कळू नये म्हणून. वर्स्लीने हे लिहून ठेवलं आहे. मला या संपूर्ण प्रवासातली सगळ्यात शिकण्यासारखी कृती हीच वाटते, आणि तिला लागतं काय, तर थोडं रॉकेल आणि नजर. तुमच्या रॉकेलच्या हिशोबात असे ‘जादा’ पेले आधीच धरा. जेवण एकदा चुकलं की दुसऱ्यांदा चुकवणं सोपं होतं.

पाण्याचे दोन पिंप होते, मिळून ३६ गॅलन. पिंप पाण्यातून होडीकडे ओढत नेताना एक खडकावर आदळला आणि त्यात समुद्राचं पाणी शिरलं. शेवटी माणशी दिवसाला अर्धा पाइंट, म्हणजे जेमतेम २८० मिलिलिटर पाणी उरलं, तेही खारट. पिंप होडीत चढवल्यावर प्रत्येकातलं पाणी चाखून मगच किनारा सोडा.

पहारा

तिघे वर, तिघे खाली, चार चार तास. शॅकलटन, क्रीन, मॅकनिश एका पाळीत. वर्स्ली, मॅकार्थी, व्हिन्सेंट दुसरीत. एक सुकाणूवर, बाकीचे पाणी उपसायला आणि शिडाला. होडीवर बर्फ साचू लागला की ती वजनाने बसत जाते. त्यांना निसरड्या कॅनव्हासवर पालथं पडून बर्फ फोडावा लागला, आणि तिथे काही मिनिटांपेक्षा जास्त कुणी टिकत नसे. हे काम पाळीपाळीने, कमरेला दोर बांधूनच करा. कुऱ्हाडीचा घाव कॅनव्हासला लागणार नाही याची काळजी घ्या.

सूर्य दिसला तर

सोळा दिवसांत वर्स्लीला सूर्याची उंची फक्त चार वेळा मोजता आली. दोघांनी त्याला धरून ठेवायचं, त्याने लाटेच्या माथ्यावर क्षितिज दिसेल त्या क्षणी सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणात सूर्य क्षितिजावर टेकवायचा आणि ओरडायचं, खाली शॅकलटनने क्रोनोमीटर या अचूक घड्याळातली वेळ टिपायची. उरलेले सगळे दिवस दिशा आणि अंदाजे वेग लिहून केलेली बेरीज.

अक्षांशाला माध्यान्हीची उंची पुरते. रेखांशाला घड्याळ लागतं, आणि चूक तिथेच महाग पडते. पृथ्वी एका मिनिटात १५ कला फिरते (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ५४ अंश दक्षिणेला एक कला रेखांश म्हणजे साधारण १.१ किलोमीटर. म्हणजे घड्याळ एक मिनिट चुकलं तर तुम्ही सोळा किलोमीटर भलतीकडे. म्हणून निघण्याआधी महिनाभर घड्याळ रोज तपासून ते दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं याची वही ठेवा.

सरावासाठी वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंतचा कुठलाही मोकळा किनारा चालेल. पश्चिमेचं क्षितिज स्वच्छ असतं, त्यामुळे दुपारनंतरच्या सूर्यावरून रेखांश काढायला उत्तम. माध्यान्हीसाठी दक्षिणेकडे समुद्र हवा, म्हणून होडी बाहेर काढावी लागेल. तिकडे गेल्यावर मात्र सगळं उलटं होतं: दुपारचा सूर्य उत्तरेला, आणि तो उजवीकडून डावीकडे सरकतो. दहा वर्षं इथे सराव केलेला माणूसही पहिल्या दिवशी यात चुकतो.

रेखांशाची खात्री नसल्यामुळेच त्यांनी साउथ जॉर्जियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे होडी वळवली. वारे पश्चिमेचे, बेटाच्या पूर्वेला निसटलं तर परत वळणं अशक्य. हीच चाल तुम्हीही खेळा. दक्षिण महासागराची चव घेतलेले लोक आपल्याकडेही आहेत. गोव्यात बांधलेल्या म्हादेई आणि तारिणी या नौकांतून नौदलाच्या अधिकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घातला आहे. अशा कुणाशी बोलता आलं तर लाटांच्या उंचीपेक्षा झोपेबद्दल विचारा.

डोंगर

उतरल्यावर लगेच चढू नका. तेही नऊ दिवस थांबले. वैद्याने प्रत्येकाचे पाय पाहून लेखी होकार दिल्याशिवाय कुणीही हिमनदीवर जायचं नाही.

१९ मेच्या पहाटे तीनला शॅकलटन, वर्स्ली आणि क्रीन चंद्रप्रकाशात निघाले. पन्नास फूट दोर, सुताराचा वाकस, बुटांच्या तळात होडीतून काढलेले पितळी स्क्रू, तीन दिवसांचं अन्न, स्टोव्ह. तंबू नाही, झोपण्याच्या पिशव्या नाहीत. स्क्रू झिजून सपाट झाले. एका कड्यावर अंधार पडायला आला तेव्हा दोराच्या वेटोळ्यावर एकामागे एक बसून ते तिघे उतारावरून घसरत खाली गेले.

तिथल्या बहुतेक हिमनद्या तेव्हापासून मागे हटल्या आहेत, भेगा उघड्या पडल्या आहेत. पन्नास फुटांच्या दोरात तिघे बांधले तर दोघांतलं अंतर सात मीटरही उरत नाही. एक भेगेत पडला तर दुसरा ओढला जातो. म्हणून इथे मी रेघ बदलतो. कपडे, बूट, अन्न जुनं ठेवा, दोर आणि हार्नेस आजचे घ्या, आणि मागे आधुनिक सामानाचं सुटका पथक चालवा. उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेतला बेसिक आणि अॅडव्हान्स अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय या टप्प्याचं नाव काढू नका. दोरावर बसून घसरण्याची नक्कल तर अजिबात नको. खाली काय आहे ते त्यांनाही दिसत नव्हतं.

झोपेचं गणित बांधा. वाटेत दोघांना डुलकी लागली तेव्हा शॅकलटनने पाच मिनिटांत उठवलं आणि अर्धा तास झाला असं सांगितलं. तिघेही झोपलो तर उठणार नाही हे त्याला कळलं होतं. तुमच्याकडे तंबू असेल तर तो वापरा.

शेवटही आधीच जुळवून ठेवावा लागतो. स्ट्रॉमनेसच्या पडक्या स्टेशनात ॲस्बेस्टॉस आणि उडणारे पत्रे आहेत, २०० मीटरच्या आत जायला बंदी आहे. त्या तिघांसारखी स्टेशनच्या मॅनेजर सर्ले यांच्या दारावर थाप मारता येणार नाही. चालणं वाळूवरच संपवावं लागेल.

त्याआधी, फॉर्च्युना उपसागराच्या वरच्या कड्यावर सकाळी सातच्या आधी पोहोचायचा प्रयत्न करा. २० मेला ते तिथे न्याहारी करत होते. स्टेशनातल्या कामगारांना बोलावणारा भोंगा सातला वाजतो हे माहीत असल्याने तिघे घड्याळाकडे बघत थांबले, आणि तो ऐकू आला. दीड वर्षात बाहेरच्या माणसांनी केलेला तो पहिला आवाज. तिथे बसा, उरलेलं रॉकेल ओतून शेवटचा हूश करा, सगळ्यांना सारखा वाढा. त्यांनी रिकामा स्टोव्ह तिथेच टाकला होता. तुम्ही तो गार झाल्यावर पुसून पिशवीत घाला आणि उतरायला लागा.